मानोरा काढून बघ

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला पुण्याच्या ऑफिसातून साधना मॅडमचा निरोप आला. ‘मानोरा काढून बघ. चित्र एकदम स्वच्छ होतं.’ एवढंच, आणि खाली एक हसरा चेहरा. रूपानं तो वाचला आणि हातातला चहाचा कप समोरच्या छापील कागदांवरच ठेवून दिला. उचलला तेव्हा आकड्यांवर ओला गोल उमटला होता. ती तो ओढणीनं पुसायला लागली, आणि कागद फाटायला आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पुसत नाही आहोत, घासतो आहोत.

कंपनी पुण्याची होती, पण गेली चार वर्षं रूपा वाशीमला, लाखाळ्यातल्या दोन भाड्याच्या खोल्यांतून काम करत होती. एकाच प्रश्नावर ठिकठिकाणी झालेले अभ्यास गोळा करायचे, त्यांचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरायचे आणि सगळ्यांचं मिळून म्हणणं काय ते सांगायचं, हे तिचं काम. या खेपेचा प्रश्न साधा होता : गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या घरपोच दिल्या तर त्यांच्या अंगात रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, वाढतं का. एका संस्थेला आठ जिल्ह्यांत अशा गोळ्या वाटायच्या होत्या आणि त्याआधी तिला पुराव्याचा अहवाल हवा होता. अभ्यास सात. पडद्यावर प्रत्येक अभ्यासाचा एक चौकोन. ज्याचं वजन जास्त त्याचा चौकोन मोठा. सगळ्यांच्या खाली, सगळ्यांचा मिळून, एक लांबट आकार, जितका बारीक तितकी खात्री जास्त. त्याला कंपनीत सगळे शंकरपाळा म्हणत. सहा चौकोन शून्याच्या रेघेपासून उजवीकडे, म्हणजे गोळ्यांचा फायदा झाला असं सांगणारे. सातवा, सगळ्यांत लहान, बरोबर रेघेवर बसलेला. रक्त होतं तेवढंच राहिलं, असं म्हणणारा. त्याच्यासमोर लिहिलेलं होतं : मानोरा, २०१५, बासष्ट बाया.

तिनं मानोऱ्यासमोरची खूण काढली. सॉफ्टवेअर दोन मिनिटं गुरगुरलं आणि शंकरपाळा उजवीकडे सरकला, अंगानं बारीक झाला. खरोखरच स्वच्छ. तिनं खूण परत केली. तो परत फुगला, रेघेकडे आला. काढली, केली, काढली. बासष्ट बाया एका टिचकीनं जात होत्या आणि एका टिचकीनं येत होत्या, आणि यंत्राला त्याचं काही नव्हतं. यंत्राचा तिला राग नव्हता. राग त्या शब्दाचा होता. पुण्याला पहिली नोकरी लागली तेव्हा खोली दाखवणाऱ्या बाईंनी आधी आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग जरा थांबून, अगदी गोड आवाजात, ‘स्वच्छ राहता ना तुम्ही?’ आणि रूपा ‘हो’ म्हणाली होती. नंतरचे अकरा महिने ती दिवसातून दोनदा फरशी पुसत होती. बाईंचा चेहराही आता तिला नीट आठवत नव्हता, पण तो स्वतःचा ‘हो’, त्यातली ती तत्परता, तो अजून पोटात कुठंतरी खड्यासारखा होता आणि असा एखादा निरोप आला की हलायचा.

आणि मानोरा म्हणजे तर तिची माय होती. भागिरथा पडघान, सातवी पास, मानोऱ्याजवळच्या गावात आशा कार्यकर्ती. गरोदर बायांची नोंद ठेवायची, त्यांना दवाखान्यात न्यायचं, गोळ्या पोचवायच्या. दहा वर्षांपूर्वी विकास डॉक्टर नावाचे एक तरुण गृहस्थ हा अभ्यास घेऊन आले. बोट टोचून रक्त मोजायचं, हातात मावेल एवढं यंत्र त्यांनी मायच्या हातात दिलं आणि तीन खेपा मोजमाप करायला सांगितलं. रूपा तेव्हा बी.एस्सी.ला होती. सुट्टीत आली की मायबरोबर बंजाऱ्यांच्या तांड्यांवर जायची. माय पुढं, पायात रबरी चप्पल, खांद्याला पिशवी. मागं रूपा, काखेत रजिस्टर. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या मधल्या पायवाटेनं चालताना माय बोलत नसे. तांड्यावर पोचली की मात्र तिचा आवाज बदलायचा. ती बाईला आधी जेवली का विचारायची, मग बोट मागायची. रक्ताचा थेंब टिपलेली पट्टी यंत्रात सारली की आकडा उमटायचा आणि माय तो मोठ्यानं वाचायची : आठ पूर्णांक तीन, नऊ पूर्णांक सात. रूपा लिहायची. आपण मोजतो आहोत म्हणजे या बायांसाठी काहीतरी होतं आहे, असं तिला तेव्हा वाटायचं. पुढं संख्याशास्त्र घेतलं ते त्या पायवाटेमुळंच, असं ती मुलाखतीत सांगायची. पुण्यातल्या लोकांना ते आवडायचं.

तिनं मॅडमना फोन लावला.

“मॅडम, मानोरा का काढायचा?”

“अगं, एकटाच वेगळा पडतो. लहान आहे, जुना आहे, ग्रामीण आहे. गुणवत्तेच्या मुद्द्यावर वगळला असं एक वाक्य टाक.”

“बाकीचे सहाही ग्रामीण आहेत. आणि गुणवत्ता कमी आहे हे आपण कशावरून ठरवलं? आकडा आवडला नाही यावरून?”

मॅडम वाईट नव्हत्या. कोविडनंतर बाकीच्यांना परत बोलावलं तेव्हा रूपाला घरून काम करू दिलं होतं ते त्यांनीच. “रूपा, तू इतकी का चिडली आहेस?”

“त्या बायांची बोटं माझ्या आईनं टोचली आहेत. मी स्वतः आकडे लिहिलेत.”

“हे तू पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतंस,” मॅडमचा आवाज एकदम कोरडा झाला. “आता तर तुझ्या शब्दावर ठेवताच येणार नाही. मूळ कागद असतील तर आण. शुक्रवारपर्यंत. कागद नीट असले तर ठेवू.”

फोन ठेवल्यावर रूपाच्या मनात आलं, दिल्लीच्या ज्या डॉक्टरांचं मत आपण भरलं, त्यांना कोणी कागद मागितले होते? या सॉफ्टवेअरची एक खासियत होती. ते नुसत्या अभ्यासांवर थांबत नसे. आकडे बघण्याआधी जाणकाराला काय वाटतं, ते आधी विचारून घ्यायचं, त्यासाठी वेगळी चौकट होती. मग ते वाटणं आणि अभ्यासांचे आकडे यांचा मेळ घालून ते उत्तर द्यायचं. ती चौकट दिल्लीच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या एका ईमेलवरून भरली होती. ‘माझ्या अनुभवानुसार एक ग्रॅमहून अधिक वाढ अपेक्षित आहे.’ दोन ओळी. त्या दोन ओळींचं वजन मानोऱ्याच्या बासष्ट बायांपेक्षा जास्त होतं. रूपानंच ते भरलं होतं आणि भरताना तिला काही वाटलं नव्हतं.

बुधवारी सकाळच्या गाडीनं ती निघाली. खिडकीची काच बसत नव्हती, धूळ आत येत होती. आसेगाव मागं पडलं, मंगरुळपीरला गाडी अर्धा तास थांबली आणि तेवढा वेळ ती मनातल्या मनात मॅडमशी भांडत राहिली. तिची वाक्यं धारदार होत गेली. मायचं रजिस्टर टेबलावर आपटते आहे, मॅडम पानं उलटताहेत, काही सापडत नाही, मान खाली जाते आहे. शेजारच्या बाईनं ‘पोरी, काही म्हनाली का?’ असं विचारलं तेव्हा तिला कळलं की ओठ हलत होते.

माय अंगणात तुरीच्या दाण्यातले खडे निवडत बसली होती. अचानक कशी आली म्हणून तिनं विचारलं नाही. रजिस्टर म्हटल्यावर उठली, फळीवरच्या खताच्या रिकाम्या पोत्यातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढून दिली आणि परत सुपापाशी बसली. साफ प्रत डॉक्टरांनी नेली होती, ही कच्ची.

रूपा ओट्यावर बसून पानं चाळू लागली. पहिली खेप, दुसरी खेप : तिचंच अक्षर, एकविसाव्या वर्षाचं, गोल आणि आज्ञाधारक. आठ पूर्णांक तीन. नऊ पूर्णांक सात. सात पूर्णांक नऊ. तिसरी खेप दिवाळीच्या तोंडावरची. तेव्हा ती अमरावतीला परीक्षेत होती, अक्षर मायचं. आठ. साडेआठ. साडेआठ. नऊ. आठ. साडेसात. ती पुढच्या पानावर गेली. साडेआठ. आठ. तिचं बोट आकड्यांवरून खाली सरकत होतं. यंत्र असं वागत नाही. यंत्राला पूर्ण आणि अर्धा यांचं कौतुक नसतं. त्याच्या शेवटच्या जागी एक येतो तसा सात येतो, चार येतो. बासष्ट आकड्यांत सगळे पूर्ण नाहीतर साडे आणणारं यंत्र जगात नाही. शेवटचा अंक बघून खोटा कागद ओळखायचा, हे ती कंपनीत नव्या पोरांना शिकवायची.

“माय, ही तिसरी खेप मशीनवर केली होती का?”

“नाई,” माय सुपातून नजर न काढता म्हणाली. “पट्ट्या सरल्या होत्या.”

ती हे इतकं सहज म्हणाली की क्षणभर रूपाला ऐकल्यासारखंच वाटलं नाही. मग सकाळपासून, कालपासून जो राग पुण्याच्या दिशेनं तोंड करून उभा होता तो तसाच्या तसा वळला.

“मंग हे आकडे कुठून आनले? घरी बसून लिवले? मी तिकडं तुह्या नावानं भांडून राह्यली, खरं हाय म्हून सांगून राह्यली, आन् तू मनानं आकडे लिवले?”

माय उठली. सूप तिनं आपटलं नाही, हळूच खाली ठेवलं. “मनानं? कोन म्हनते मनानं? चार खेपा पीएचसीच्या दवाखान्यात गेली पट्ट्या मागाले. चार खेपा. येतीन म्हने. तांडा तं दिवाळी झाली का ऊस तोडाले जानार. त्या डाक्टरले फोन केला, तं तो म्हने, ताई, तिसरा आकडा पायजेच, नाई तं सारंच वाया, भरून टाका काईतरी. त्याच्या दुसऱ्या कामातल्या आशायनं भरून टाकलं. धा, साडेधा, अकरा. डाक्टर खूश. मले म्हने तुमीच कमी कायले लिवता?”

“मंग तू काय केलं?”

“मी गेली ना. एकेकीच्या दारात गेली. उजेडात उभी केली आन् पापनी खाली ओढून पायली.” मायनं स्वतःच्या डोळ्याखाली बोट लावून पापणी ओढून दाखवली. “आत लाल किती, पांढरं किती, ते मले समजते. आदी दोन खेपा मशीन काय म्हने आन् पापनी काय म्हने, दोनी मी पायलं होतं. सव्वाशे वेळा पायलं. तिसऱ्या खेपी मशीन नाई, तं पापनीवरून लिवलं. अर्ध्याच्या खाली मले समजत नाई, म्हून अर्धं लिवलं. खोटं कुठं लिवलं?”

रूपानं वहीतलं तिसऱ्या खेपेचं पान पुन्हा उघडलं.

“देवला आठवते तुले? मधल्या तांड्यावरची, सातवा महिना होता. गोळ्या तिच्या चुलीमागं डब्यात जशाच्या तशा. उपाशीपोटी खाल्ली का उलटी होये, मंग दिवसभर रोजानं कोन जाईन? तिची पापनी अशी, या पांढऱ्या भितीसारखी. तिले मी साडेधा लिवू? ती मंग त्या उसाच्या फडावरच गेली, पोटातल्यासकट. मी साडेसात लिवलं. तिचा तेवढा तरी कागद खरा राहू दे म्हून लिवलं.” मायनं वहीकडे बोट केलं. “आन् तू मले पुसते, घरी बसून लिवलं का. तू कोनाकडून आली इथं, सांग.”

रूपा ओट्यावरून उठून आत गेली, माठातलं पाणी प्यायली, परत आली. नियमानं बघायचं तर मॅडमचं बरोबर निघालं होतं : मानोरा ठेवता येत नव्हता. ज्याचं मोजमापच झालं नाही त्याला मोजमाप म्हणता येत नाही. आणि सातही अभ्यासांत समोर उभं राहून, नजर लावून लिहिलेले आकडे हेच असावेत असा तिला दाट संशय येऊ लागला. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात याचाच तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. तिनं लॅपटॉप उघडला. बाकीच्या सहांपैकी तीन अभ्यासांचे मूळ आकडे कंपनीकडे होते. ती शेवटचे अंक मोजत बसली. दोन ठीक होते. तिसरा, सगळ्यांत वजनदार, चौदाशे बायांचा, ज्याच्या जोरावर शंकरपाळा उजवीकडे होता, त्यात शेवटच्या खेपेला दर तीन बायांमागं एकीचं रक्त बरोबर साडेदहा होतं. तिथंही पट्ट्या सरल्या असतील. तिथं कोणी पापणी ओढून पाहिली होती की नाही, ते कागद सांगत नव्हता.

“माय, इकडं ये,” ती म्हणाली. “एक इचारायचं हाय.”

तिनं ओट्यावर खडूनं पाच घरं आखली. रक्त घटलं. तेवढंच राहिलं. अर्धा ग्रॅम वाढलं. एक ग्रॅम. दीड ग्रॅम. सुपातले वीस दाणे मोजून मायच्या हातात दिले. जाणकाराला कसं विचारायचं याची ही पद्धत पुस्तकातलीच होती. दिल्लीच्या डॉक्टरांना त्या पद्धतीनं कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

“एक दाना म्हनजे एक गाव. आपल्या इकडची वीस गावं धर. घरोघरी गोळ्या देल्या, तं कोनत्या गावात किती रक्त वाढन? तसे दाने टाक.”

माय अजून रागात होती. तिनं दाणे घेतले ते हिसकावल्यासारखे. पण घरांसमोर बसल्यावर ती गप्प झाली. एकेक दाणा टाकताना ओठांत गावाचं नाव घेत होती, काही नावं रूपाला ऐकू आली. तीन दाणे ‘घटलं’च्या घरात गेले. अकरा ‘तेवढंच’मध्ये. चार अर्ध्यात. एक, बराच वेळ बोटांत फिरवून, एक ग्रॅममध्ये. शेवटचा दाणा तिनं थेट दीडच्या घरात ठेवला.

“हे कोनतं गाव?”

“जिथं बाई पोटभर जेवून गोळी खाते, ते. असन कुठं तरी.”

रूपानं दाणे मोजून चौकटीत भरले. दिल्लीच्या डॉक्टरांच्या दोन ओळी तिनं काढल्या नाहीत; शेजारी दुसरं उत्तर तयार केलं, मायच्या दाण्यांवरून. मानोरा स्वतःच्या हातानं वगळला आणि का वगळला ते लिहिलं, पट्ट्यांसकट. त्याच कसोटीवर चौदाशे बायांचा अभ्यासही टिकत नाही, तेही लिहिलं. तो वगळल्यावर मायच्या चौकटीतून आलेला शंकरपाळा रेघेवर आडवा पडला होता, लांब, जाड, कशाचीच खात्री न देणारा. जाणकाराच्या रकान्यात तिनं मायचं पूर्ण नाव, काम आणि वर्षं घातली, आणि गुरुवारी दुपारी सगळं पाठवून दिलं.

तासाभरानं फोन वाजला.

“मोठा अभ्यास छापून आलेला आहे, रूपा. त्याला आपण हात नाही लावू शकत.”

“मानोराही छापून आलेला आहे.”

“आणि हे दाण्यांचं... तुझी आई तज्ज्ञ? संस्था हसेल आपल्याला. मी हे काढणार, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग पाठवलंस कशाला?”

“मी काढणार नाही म्हणून. तुम्ही काढा, मॅडम. तुमच्या हातानं काढा.”

फोन मॅडमनी आपटला नाही. तो नुसता बंद झाला.

अहवाल सोळा दिवसांनी आला, संस्थेला आणि सगळ्यांना एकदमच. रूपा तेव्हा पुन्हा गावी होती. पहिल्याच पानावर शंकरपाळा उजवीकडे, बारीक, निळ्या रंगात. मानोरा वगळला होता, रूपाचंच वाक्य वापरून. मोठा अभ्यास जागेवर होता. त्रेपन्नाव्या पानावर, परिशिष्टात, बारीक अक्षरांत एक तक्ता होता : वीस दाण्यांचा. मॅडमनी तो काढला नव्हता. हात थांबला असेल कुठंतरी. खाली लिहिलं होतं, ‘एका स्थानिक कार्यकर्तीचे मत.’ रूपानं ती ओळ तीनदा वाचली. पूर्ण काढून टाकलं असतं तर तिला इतका राग आला नसता. तिनं ती मायला वाचून दाखवली.

माय भाकरी थापत होती. “नाव?”

“नाई टाकलं.”

“मंग कोनाचे दाने म्हून समजन त्यायले? कार्यकर्त्या तं गावोगावी हायेत.”

रूपानं चुलीशेजारी मांडी घालून लॅपटॉप घेतला. अहवाल ज्यांना ज्यांना गेला होता त्या सगळ्यांचे पत्ते वर दिसत होते, संस्थेच्या लोकांचे, दिल्लीच्या डॉक्टरांचा, मॅडमचा. तिनं सगळ्यांना मिळून उत्तर लिहायला घेतलं. आधी चौदाशे बायांच्या शेवटच्या अंकांचा तक्ता जोडला. नोकरी राहील की जाईल, हा विचार येऊन गेला आणि बोटं चालतच राहिली. मग तिनं लिहिलं : ‘पान त्रेपन्नवर एक दुरुस्ती.’

“नाव पुरं टाक,” माय तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “भागिरथा देवमन पडघान. आशा, अठरा वर्सं.”

“टाकलं.”

“आन् काय लिवलं म्हने त्यायनं, माह्यं मत?”

“हो. मत.”

मायनं हाताचं पीठ झाडलं आणि पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून बसली. “मत मी निवडनुकीत देते. हे मत नोय. बासट बायायच्या पापन्या मी या बोटानं खाली ओढल्या. मी पायलं. पायलं म्हून लिव.”

रूपानं ‘मत’ खोडलं.